पुरुषांनी रात्री वॉर्डात थांबू नये

परवा आमच्या महिला मंडळात या विषयावर चांगलीच जुंपली. एकीची सून नुकतीच बाळंत होऊन घरी आली होती. दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा म्हणे रात्रभर तिथंच बसून होता. "पोरीनं लेकराले पाजावं कसं, सांगा बरं? चोवीस तास पदरच सांभाळत बसावं का?" सासूबाई तावातावानं म्हणाल्या. त्यावर दुसरी उसळली, "अन् जिले माय नाही, सासू नाही, तिनं काय भिताडाले हाक मारावी?" दोघींचंही खरं होतं. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. "टीचरबाई, तुमी सांगा."

मी जन्मभर पोरांना शिकवलं आणि मोठ्यांना न विचारता सल्ले दिले. त्या दिवशी मात्र पाणी प्यायचं निमित्त करून उठले ती थेट घरी आले.

या विषयावर मी एकदा मत दिलेलं आहे. लेखी दिलेलं आहे. त्याचं काय झालं ते सांगते. जिच्या पोटात लेकरू आहे आणि अंगावर सूज आहे तिनं हे वाचावं. तिच्या नवऱ्यानं तर वाचावंच.

चपला

आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. तामसीकडच्या एका गावी मी मराठी शाळेत शिकवत होते आणि माझे मालक मंडल कचेरीत कारकून होते. त्यांचं नाव अशोक. तोंडानं मी अजूनही त्यांचं नाव घेत नाही, लिहायला काही हरकत नाही.

दोनदा मला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या आत सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या खेपेला आठवा लागला तेव्हा मी आनंदानं नाही, भीतीनंच अर्धी झाले. फळ्यावर लिहितानाही डावा हात पोटावर असायचा. पोरं हसायची, हसू देत होते.

मग एका सकाळी चपलेत पाय जाईना. आदल्या आठवड्यापासून बांगड्या रुतत होत्या, पण मला वाटलं अंग भरतंय. माझी आई बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. ती म्हणाली, "पाय सुजतेच बाई आठव्यात. मले तर पाचही बारीनं सुजले." अशोकनी माझ्या पायाकडे पाहिलं, रजेचा कागद लिहिला आणि आम्हा दोघींना बसमध्ये घालून स्वतःही चढले. मी आईच्या चपला घालून आदिलाबादला गेले.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या दवाखान्याचा नाही. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. नडगीवर बोट दाबलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला. मग त्या यांच्याशी भराभर तेलुगूत बोलायला लागल्या. मला तेलुगू बाजारापुरती येत होती, यांची कचेरीतली पक्की. मी यांच्या तोंडाकडेच पाहत होते. ते उतरत चाललं होतं.

"काय म्हणून राह्यल्या?"

"काही नाही. चार रोज ठेवून घेतो म्हणते."

यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. बाहेरच्या बाकावर बसवून मग खरं सांगितलं. रक्तदाब फार चढला होता. लेकरालाही धोका होता आणि मलाही. शक्य तितके दिवस पोटात धरून ठेवायचं आणि रोज लक्ष ठेवायचं, एवढाच उपाय होता.

"नीट ऐक. डोकं दुखलं, डोळ्यापुढं चमकलं, नाही तर वरच्या पोटात दुखलं, की त्याच घडीले सांगायचं. रात्र असो का काही असो. सकाळची वाट नाही पाह्यची. समजलं?"

"समजलं."

"म्हणून दाखव."

मी शाळेतल्या पोरीसारखी तीनही लक्षणं बोटावर मोजून म्हणून दाखवली. म्हणजे माहीत नव्हतं असं मला कधी म्हणता येणार नाही.

वॉर्ड

लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा, मध्ये जायला वाट. खाटेखाली प्रत्येकीचं बोचकं, डबा, लोटा आणि बहुधा एखादी सासू. पहाटे आयाबाई झाडायला यायची तेव्हा सगळ्या सासवा कुरकुरत बाहेर सरकायच्या. मग दूध-पाव, मग वजन, मग दंडाला पट्टा. राऊंड आला की बोलता माणूस गप्प. दुपारभर रडणारी लेकरं आणि झोपलेल्या आया. एका संडासासमोर रांग. त्या रांगेत पोट धरून उभ्या राहिलेल्या बायकांच्या जितक्या ओळखी झाल्या, तितक्या मला शाळेत वर्षभरातही झाल्या नाहीत.

मला तिथं पहिल्या दोन दिवसांत बरं वाटायला लागलं होतं. यांची हजेरी हे त्याचं खरं कारण. हे वॉर्डाच्या दाराशी पडवीत सतरंजी टाकून झोपायचे. रात्री पट्टा बांधायला सिस्टर आली की दारातून विचारायचे, आकडा किती, आणि आत येऊन मला मराठीत सांगायचे. "कालच्यापेक्षा कमी हाये. झोप आता." तेवढं ऐकलं की मी झोपायचे.

माझ्या शेजारच्या खाटेवर लिंगुबाई होती. इंद्रवेल्लीच्या पलीकडल्या कुठल्याशा गोंड गुड्यातली, म्हणजे पाड्यातली, वय असेल विशीच्या आसपास. तिला गोंडीशिवाय काही येत नव्हतं. तिच्यासोबत बाईमाणूस कुणी नव्हतं. तिचा नवरा जंगू होता, तो हिंदी-मराठीची खिचडी करून बोलायचा. रात्री तो तिच्या खाटेखाली झोपायचा. झोपायचा तरी काय, गुडघे पोटाशी घेऊन जागा असायचा. तिनं वरून हात खाली सोडला की हा तो धरायचा.

अर्ज

बायकांना जंगू खटकत होता. त्यात त्यांची चूक नव्हती. समोरच्या खाटेवरची ओली बाळंतीण रात्री पाजताना भिंतीकडे तोंड करून बसायची आणि तिची टाक्याची जागा दुखायची. एकीला कपडा बदलायचा तर आईनं लुगडं आडवं धरावं लागायचं. मलाही कंबरेचं लुगडं सैल सोडून मोकळं पडता येत नव्हतं, अंग सुजून दगड झालं होतं. "तो भला मानूस हाये पण मानूसच हाये ना," असं आई म्हणाली.

बायका आपसांत बोलायच्या, सिस्टरला सांगायला मात्र कुणी जाईना. मग मी उठले. माझा स्वभावच तो. आमच्या घराण्यात लिहायला शिकलेले पहिले माझे वडील. त्यांचं आयुष्यभर एकच चाललं, काही पाहिजे असेल तर अर्ज लिही. शेतमजुराच्या पोराला कचेरीच्या दारातून हाकलतात, त्याच्या हातातला कागद मात्र ठेवून घ्यावा लागतो, यावर त्यांची श्रद्धा होती. रस्त्यासाठी अर्ज, विहिरीसाठी अर्ज, मला शाळेत घ्यावं म्हणूनही अर्ज. मी त्यांचीच पोरगी.

विषय: पुरुषांनी रात्री वॉर्डात थांबू नये याबाबत. चांगला अर्ज होता, आजही वाटतं. स्त्रियांची लाज, त्यांचा आराम, सगळं मुद्देसूद. दवाखान्याचे मोठे साहेब तेलुगू, म्हणून यांना म्हटलं, उतरवून द्या. हे वाचत वाचत थांबले.

"यात मीबी येतो ना?"

"तुमचं काय आडलं? आई हाये ना माझ्यापाशी."

यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि सुबक तेलुगू अक्षरात उतरवून दिलं. माझ्या शब्दाबाहेर हा माणूस तेव्हाही नव्हता.

मग मी खाटेखाटेवर फिरले. जिला येत होती तिची सही घेतली, बाकीच्यांचे अंगठे. शाईची डबी आयाबाईनं आणून दिली. बायका हसत होत्या, बोटं पदराला पुसत होत्या, मला फार धन्यता वाटत होती. लिंगुबाई सगळ्यांकडे पाहत होती. जंगू तेव्हा भाकरीची सोय करायला बाहेर गेला होता. सगळ्या जणी देतात म्हणून तिनंही अंगठा पुढे केला.

आणि मी तो घेतला.

समजावून सांगायला माझ्यापाशी तिची भाषा नव्हती हे खरं. पण तिला वगळता आलं असतं. माझ्या आज्याचा अंगठा असाच न वाचलेल्या कागदावर घेतला होता आणि आमचं वावर गेलं होतं. ही गोष्ट मी वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. वर्गात पोरांना सांगितली होती, डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. आणि इथं मी एका बाईचा अंगठा तिच्याच नवऱ्याला बाहेर काढायच्या कागदावर उठवून घेतला. कागद भरल्यासारखा दिसावा म्हणून.

हुकूम

हुकूम दुसऱ्याच दिवशी निघाला. दिवे लागले की एकही पुरुष आत नाही, पडवीतसुद्धा नाही. फाटकाबाहेर. फक्त एक बाईमाणूस सोबत. चपराशी येऊन ओरडून सांगून गेला तेव्हा बायकांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या.

हे सतरंजी गुंडाळत हसत म्हणाले, "टीचरबाईनं नवऱ्याचीच टीसी काढली."

मीही हसले.

जंगूला चपराशानं हाताला धरून नेलं. तो लिंगुबाईला काही तरी सांगत होता, ती ऐकत नव्हती, त्याच्या सदऱ्याची कड धरून बसली होती. ती कड सोडवून घेऊन तो गेला. ती रात्रभर दाराकडे तोंड करून बसून राहिली. आईनं तिला भाकर दिली, तिनं हात लावला नाही. सकाळी मी रांगेतून परत आले तर खाट रिकामी. वॉर्डाची चादर घडी करून ठेवलेली. दोघं निघून गेले होते. दिवस भरलेली बाई, रस्ता जंगलाचा. पुढं काय झालं, कुठं बाळंत झाली, झाली का नाही, मला माहीत नाही. पुढं इंद्रवेल्लीकडच्या कितीतरी लोकांना विचारलं. नुसत्या नावावरून कोण सापडतं?

ती संध्याकाळ

त्याच दिवशी उतरत्या दुपारपासून डोकं दुखायला लागलं. पहिल्यांदा वाटलं, लिंगुबाईच्या काळजीनं असेल. दिवे लावले तसा उजेड डोळ्यांत टोचायला लागला. भिंतीवर काजवे दिसत होते. बरगडीखाली कळ येत होती. यांनी बोटावर मोजून घेतलेली तीनही लक्षणं हजर होती, एकही बाकी नव्हतं.

आई दोनदा सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन आली. टेबलावर कुणी नव्हतं. आत एक अडलेली बाई होती, डॉक्टरीणबाईसकट सगळ्या तिथंच होत्या. दार लावलेलं. आई बिचारी खेड्यातली, बंद दाराला हात लावायची तिची छाती नव्हती.

"जावयाले बोलावू का? फाटकाशीच हाये ते. ते बराबर बोलते त्यायच्याशी."

सारा वॉर्ड जागा होता. समोरची बाळंतीण आता मोकळी होऊन, सरळ बसून, लेकराला पाजत होती.

मी म्हटलं, "नको. मीच अर्ज केला अन् मीच नवऱ्याले आत आणू? काय म्हणतील साऱ्या? सकाळी राऊंडले सांगू."

"अवं पण तुले सांगितलं हाये ना त्यायनं..."

"आई, गप बस."

आईनं माझ्या डोक्याला फडकं आवळून बांधलं आणि उशाशी बसली. मी लाजेनं आणि ताठ्यानं तिथं पडून राहिले. दुसरं काही कारण नव्हतं. मी खूप वर्षं दुसरी कारणं शोधली.

पहाटे कधी तरी मला झटके आले. ते मला आठवत नाहीत.

नंतर

शुद्धीवर आले तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. दात लागले होते तिला. पोटावर हात नेला. पोट नव्हतं. कुणी काही बोलायच्या आधीच मला कळलं.

मुलगी होती. हे एकटेच तिला घेऊन गेले, मातीही यांनीच दिली. मी तिला पाहिलं नाही. "केस लय होते तिले," एवढंच यांनी सांगितलं, आणि माझ्यापाशी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तेलुगूत विचारलं, यांनी मराठीत केलं. "डोकं कधीपासून दुखत होतं म्हणून विचारते."

आई उशाशीच होती. मी यांच्याकडे पाहिलं. दोन दिवसांची दाढी, सदऱ्याला लाल माती.

"पहाटेच. एकदमच दुखलं," मी म्हणाले.

यांनी ते तेलुगूत सांगितलं. माझं खोटं यांच्या तोंडून गेलं, खऱ्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, कागदावर लिहिलं. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा लोटा उचलून बाहेर गेली. मरेपर्यंत तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. हे कुणी सांगितलं नव्हतं मला. पिणारं कुणी नसलं तरी येतंच ते. आजूबाजूला लेकरू रडलं की चोळी भिजायची. आयाबाईनं कोबीची पानं आणून छातीवर ठेवली आणि वरून घट्ट कपडा बांधून दिला. मग स्वतःच्याच पदरानं माझं तोंड पुसलं. समोरची बाळंतीण आपल्या लेकराला घेऊन कोपऱ्यातल्या खाटेवर गेली, मला आवाज कमी यावा म्हणून. वॉर्डातल्या बायका वाईट नव्हत्या. यांना आत आणलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

पुन्हा मूल होऊ देऊ नका, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. आम्ही ऐकलं.

माझं मत

मंडळात विचारलं होतं म्हणून सांगते. पुरुषाला रात्री सगळ्यांच्या मध्ये झोपू देऊ नये, हे मी आजही म्हणते. टाके घातलेल्या बाईला आडोसा पाहिजे. पण तो हाकेच्या अंतरावर पाहिजे, आणि हाक मारली की त्याला आत घेणारं माणूस दारावर पाहिजे. जिचं दुसरं कुणीच नाही तिच्यापाशी तो असूच द्यावा, मध्ये लुगडं बांधा, काहीही करा. आणि बायांनो, डोकं दुखलं तर दार वाजवा. लोक हसतील ते हसू द्या. माझं हसं होईल म्हणून मी भ्याले होते.

सांगितलं

मंडळातून उठून आले त्या दिवशी हे अंगणात तूर निवडत बसले होते. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. डोकं दुपारीच दुखायला लागलं होतं. आई बोलावते म्हणत होती. मीच नको म्हटलं. डॉक्टरीणबाईला मी खोटं सांगितलं, तुमच्याच तोंडून.

हे तूर निवडत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. इतकी वर्षं हा माणूस लोकांना सांगत आला होता, अचानक आलं, कोणाचा इलाज नव्हता. मी ते ऐकत आले होते.

मग तुरीतला एक खडा वेचून टाकत हे म्हणाले, "मी आलो होतो त्या राती."

"कुठं?"

"चपराशी झोपला होता. भिंतीवरून उतरलो. तुह्या खिडकीशी आलो. जाळीतून पाह्यलं तं तू डोळ्यावर पदर घेऊन निजली होती, मायबी उशाशी बसल्या बसल्या पेंगली होती. मले वाटलं, झोप लागली. बरं वाटलं मले. आवाज नाही देला. म्हटलं, झोपू दे."

हे मला माहीत नव्हतं. सुपातली तूर यांनी एकीकडे सारली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मी आवाज देला असता, तं जाग आली असती का तुले?"

आता काही लपवायचं नाही असं ठरवूनच मी बसले होते. नाही तर खोटं सांगितलं असतं.

"मी जागीच होते," मी म्हणाले.